बेळगाव-खानापूर-निपाणी भागात डीडी फ्री डिश: छत्रीपासून बॉक्सपर्यंत सामान कसं निवडावं

डीडी फ्री डिश घ्यायची म्हटली की दुकानात पहिला प्रश्न बॉक्सचा निघतो. कोणता बॉक्स, किती वाहिन्या, यूएसबी आहे का, यूट्यूब चालतं का. छत्री, वायर, पाइप हे सगळं "सेटमध्येच येतं" म्हणून कुणी हातात घेऊन बघतही नाही. निवडीचा क्रम खरं तर उलटा हवा. आधी जागा, मग छत्री, मग एलएनबी (छत्रीपुढच्या दांडीवरचा, सिग्नल पकडून वायरीत सोडणारा छोटा डबा) आणि वायर, आणि सगळ्यात शेवटी बॉक्स. बॉक्स बिघडला तर दहा मिनिटांत दुसरा जोडता येतो. ऐन आषाढात ओल्या कौलांवर चढून छत्री बदलणं मात्र खानापूर-जांबोटीकडच्या माणसाला कुणी सांगू नये.

सेवेबद्दल थोडक्यात. ही प्रसार भारतीची सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही, कार्ड नाही. प्रक्षेपण ९३.५ अंश पूर्वेवरच्या जीसॅट-१५ उपग्रहावरून केयू बँडमध्ये, म्हणजे छोट्या छत्रीवर पकडता येणाऱ्या लहरींच्या पट्ट्यात होतं. आधी त्याच जागी इन्सॅट-४बी होता, म्हणून जुन्या बॉक्सच्या यादीत अजून तेच नाव दिसतं. नावाने गोंधळू नका, ९३.५ हा आकडा बघा. एकाच छत्रीवर सह्याद्रीही येते आणि चंदनाही, त्यामुळे घरात आजी मराठी बघणारी आणि नातवंडं कन्नड शाळेत जाणारी असली तरी वेगळं काही घ्यावं लागत नाही. स्वयंप्रभाच्या शैक्षणिक वाहिन्या आणि आकाशवाणीची बरीच केंद्रंही याच छत्रीवर मिळतात.

आधी आकाश बघा

सामान घेण्याआधी घरातून उपग्रह दिसतो का, हे ठरवायचं. आकडे असे आहेत. दिशा खऱ्या उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजलेली, आणि उंची क्षितिजापासून:

बेळगाव: दिशा १२८ अंश, उंची ६१ अंश
खानापूर: दिशा १२८, उंची ६१.५
निपाणी: दिशा १२९, उंची ६१
अथणी: दिशा १३१, उंची ६१
कारवार: दिशा १२६, उंची ६१.५
बीदर: दिशा १३७, उंची ६२

म्हणजे आग्नेय दिशा, आणि मान चांगली वर करून बघावं लागेल इतकी उंची. बेळगाव शहरापुरती एक सोपी खूण आहे: १२८ अंश ही जवळपास नेमकी धारवाडची दिशा. मोबाइलवरच्या नकाशात आपल्या घरापासून धारवाडपर्यंत सरळ रेघ ओढा आणि ती जवळच्या कोणत्या घरावरून, टाकीवरून किंवा झाडावरून जाते ते बघून ठेवा. छत्रीचा रोख त्याच खुणेवर. खानापूर, निपाणीला ही युक्ती लागू पडत नाही, तिथे नकाशावर कोन मोजूनच रेघ काढावी लागेल.

मोबाइलमधलं होकायंत्र चालतं, पण गच्चीवर नाही. स्लॅबमधल्या सळ्या, पत्रे, पाण्याच्या टाकीचा लोखंडी स्टँड यांच्यामुळे काटा वीस-तीस अंश सहज फिरतो. अंगणात, लोखंडापासून दूर उभं राहून दिशा घ्या, लांबची एखादी खूण पक्की करा आणि मग वर चढा. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्या भागात इतका कमी आहे की तो सोडून दिला तरी चालतं.

उंची ६१ अंश असणं ही चैनच आहे. समोरचं झाड किंवा घर छत्रीपेक्षा जितकं उंच असेल, त्याच्या साधारण ०.५५ पट अंतर मोकळं हवं. छत्रीपेक्षा वीस फूट उंच आंबा असेल तर तो निदान अकरा फूट लांब हवा. झाड वाढतं आणि पावसात ओलं होऊन फांद्या खाली झुकतात, म्हणून चौदा-पंधरा फूट धरा. उन्हाळ्यात पानं झडलेल्या सागाच्या मागे छत्री लावली की जुलैत चित्र जातं, आणि दोष बॉक्सला दिला जातो. ओलं पान केयू बँडचा सिग्नल खातं. पानांमधून थोडं आकाश दिसतंय एवढ्यावर भागत नाही.

वर्षातून दोनदा सूर्य स्वतःच मोजमाप करून देतो. १३-१४ मार्चच्या आसपास सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला, आणि २९-३० सप्टेंबरला अकराला पाचेक मिनिटं कमी असताना, बेळगाव भागातून बघितलं तर सूर्य बरोबर उपग्रहाच्या जागी येतो. त्या क्षणी जिथे छत्री लावायची आहे तिथे सावली पडत असेल तर जागा बाद. उभ्या पाइपची सावली ज्या बाजूला पडते त्याच्या बरोबर उलट बाजूला छत्रीचं तोंड. त्याच दिवसांत, चालू असलेल्या छत्रीवर सकाळी काही मिनिटं चित्र फुटतं किंवा जातं. आठवडाभर हा प्रकार चालतो आणि आपोआप थांबतो. तेवढ्यासाठी माणूस बोलावून छत्री हलवून घेऊ नका.

छत्री कुठे बसवायची

आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो आणि उपग्रह आग्नेयेला आहे. म्हणून घराच्या पूर्वेकडची किंवा दक्षिणेकडची भिंत ही छत्रीची नैसर्गिक जागा: समोर आकाश मोकळं, पाठीला घर आणि वारा अडलेला. दोन्हींत पूर्वेची भिंत सरस, कारण तिच्यापासून उपग्रहाचा रोख जास्त सरळ बाहेर जातो आणि छपराचा पुढे आलेला भाग कमी आड येतो. कौलारू घराचा वळचणीचा भाग दोन फूट पुढे असेल तर छत्री वळचणीच्या निदान दोन-अडीच फूट खाली आणि भिंतीपासून दीड फूट बाहेर काढलेल्या ब्रॅकेटवर घ्या. हाताला शिडीने पोचेल इतक्या उंचीवर असली की पुढची सगळी देखभाल सोपी. उंच लावली की सिग्नल जास्त येतो हा समज जुन्या अँटेनाच्या काळातला. छत्तीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाला तुमच्या दहा फुटांनी काही फरक पडत नाही.

भिंत कसली आहे हे महत्त्वाचं. विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत १० मिमीचे अँकर बोल्ट चार, खोली ७५ मिमी, एवढं पुरे. चिऱ्याच्या भिंतीत अँकर बोल्ट भरवशाचा नाही. जांभा ठिसूळ असतो, बोल्ट आवळताना भोक मोठं होतं आणि एका पावसाळ्यात ब्रॅकेट खुळखुळायला लागतो. तिथे भिंतीतून आरपार लांब बोल्ट घालून आतल्या बाजूला चार इंची लोखंडी पट्टी लावून नट आवळा. मातीच्या भिंतीला छत्री लावूच नका, अंगणात खांब रोवा. कौलांच्या आढ्यावर वाशाला बांधलेली छत्री तर दर आठ दिवसांनी जागा सोडते. माकडांचा मार्ग तिथूनच जातो हे वेगळंच.

गच्ची असेल तर स्लॅबला भोकं पाडण्यापेक्षा काँक्रीटचा ठोकळा ओता. ६० सेमी लांब, ६० सेमी रुंद, १५ सेमी जाड ठोकळ्याचं वजन सुमारे १३० किलो होतं, आणि ६०-७५ सेमीच्या छत्रीला ते पुरतं. त्याला १:२:४ प्रमाणात सिमेंट एक तृतीयांश गोणी, वाळू दोन घमेली आणि खडी चार घमेली लागते. खाली जाड प्लास्टिक अंथरा म्हणजे ठोकळा स्लॅबला धरत नाही आणि पुढे हलवता येतो. मध्ये दीड इंची जीआय पाइप उभा करा, वर एक मीटरपेक्षा जास्त नको. पाइपच्या तळाला आडवी सळी वेल्ड करून घ्या, नाहीतर वाऱ्यात तो ठोकळ्यातच फिरतो. ओतताना दोन बाजूंनी ओळंबा लावून बघा. पाइप तिरका राहिला तर छत्री आडवी फिरवताना तिची उंचीही बदलत जाते आणि सिग्नल शोधणं त्रासाचं होतं. तीन दिवस पाणी मारा, मग छत्री चढवा.

किती मोठी छत्री

बाजारात ६० सेमीचीच छत्री जास्त मिळते. अथणी, चिकोडी, रायबाग, बीदर या कोरड्या पट्ट्यात तेवढी पुरते. बेळगाव शहर, उचगाव, येळ्ळूरकडेही ती चालते, फक्त मोठ्या सरीत चित्र काही वेळ जाईल हे धरून चाला. खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग, जांबोटी, कणकुंबी, लोंढा आणि चोर्ल्याच्या बाजूला निदान ७५ सेमी, जमल्यास ९० सेमी घ्या. कारवारलाही ७५ सेमी.

याचं गणित असं. छत्री ६० वरून ७५ सेमी केली की सुमारे २ डेसिबल सिग्नल वाढतो, आणि ९० केली की साडेतीन. कोरड्या दिवशी याचा काही उपयोग दिसत नाही, चित्र तसंच राहतं. ही शिल्लक पावसासाठी असते. डिजिटल चित्र हळूहळू खराब होत नाही. सिग्नल एका पातळीच्या खाली गेला की आधी चौकोन फुटतात आणि लगेच पडदा काळा होतो. ती पातळी आणि तुमचा सिग्नल यांत जितकं अंतर, तितका मोठा पाऊस छत्री सोसते. तरी कणकुंबीच्या धोधो पावसात ९० सेमीही अधूनमधून हार मानते.

जाडी बोटाने दाबून बघा. पत्रा सहज दबत असेल तर ती छत्री वाहतुकीतच पोचे घेऊन येते. दोन छत्र्या तोंडाला तोंड लावून ठेवल्या तर कडा सगळीकडे टेकल्या पाहिजेत. कुठे फट दिसली तर दोन्हींपैकी एक पिळलेली आहे. कारवारच्या खाऱ्या हवेसाठी गॅल्वनाइज्ड पत्र्यावर पावडर कोटिंग केलेली घ्या आणि नट-बोल्ट स्टेनलेसचे बदलून टाका. सेटबरोबर येणारे बोल्ट तिथे दोन पावसाळ्यांत धरून बसतात.

जुनी खासगी डीटीएचची छत्री घरात पडून असेल तर नवी घेऊ नका, तीच फिरवा. बेळगावातून अंदाज असा: डिश टीव्हीची छत्री ९५ अंशांवर असते, ती दोन अंश उजवीकडे म्हणजे दक्षिणेकडे आणि एक-सव्वा अंश वर. एअरटेलची १०८.२ वर, ती सोळा अंश उजवीकडे आणि चौदा अंश वर. डी२एचची ८८ वर, ती दहा अंश डावीकडे आणि साडेचार अंश खाली. टाटा प्लेची ८३ वर, ती तेवीस अंश डावीकडे आणि आठ अंश खाली. सन डायरेक्टची छत्री बहुधा ९३.५ च्या आसपासच रोखलेली असते, तिथे एलएनबीचं लेबल बघून नुसता बॉक्स बदलून बघा. उजवं-डावं हे छत्रीच्या मागे, आकाशाकडे तोंड करून उभं राहून.

एलएनबी

लेबल वाचा, बाकी सगळं नंतर. त्यावर ९७५० आणि १०६०० हे दोन आकडे हवेत. यालाच युनिव्हर्सल एलएनबी म्हणतात. फ्री डिशच्या फ्रिक्वेन्सी ११०९०, १११७० अशा आहेत. त्यातून ९७५० वजा केले की वायरीतून १३४०, १४२० मेगाहर्ट्‌झ खाली येतात, आणि बॉक्सचा ट्यूनर ९५० ते २१५० पर्यंतच बघतो. फक्त १०६०० लिहिलेली एलएनबी लावली तर ११०९० चे ४९० होतात, बॉक्सला काहीच सापडत नाही, आणि माणूस दिवसभर छत्री फिरवत राहतो. जुन्या छत्रीवरची एलएनबी वापरताना हे आधी तपासा.

लेबलावर ०.१ डीबी असं ठळक छापलेलं असतं, एलएनबी स्वतः किती कमी गोंगाट मिसळते हे सांगायला. त्यावर पैसे मोजू नका. बघायचं ते पुढचं प्लास्टिकचं झाकण: घट्ट बसलेलं, चिरा नसलेलं. उन्हाने ते तडकतं, आत पाणी शिरतं, आणि एलएनबी दुपारी चालते, पहाटे दवात बंद पडते. दुसरा शत्रू गांधीलमाशी आणि मुंग्या.

एका टीव्हीला एक तोंडाची, दोन टीव्हींना दोन तोंडांची ट्विन, चार घरांच्या वाड्याला चार तोंडांची क्वाड. स्प्लिटर लावून दोन टीव्ही चालवायचे असतील तर त्यावर ५-२४०० मेगाहर्ट्‌झ लिहिलेलं हवं. केबल टीव्हीचा ५-१००० वाला स्प्लिटर घरात असतोच, तोच जोडला जातो, आणि १३४० त्यातून नीट जात नाही. बॉक्सचा वीजपुरवठाही स्प्लिटरमधून वर एलएनबीपर्यंत गेला पाहिजे, ती सोय त्याच्या एका तोंडावर लिहिलेली असते. ट्विन आणि दोन वायरी हा जास्त स्वच्छ मार्ग.

वायर आणि जॅक

वायर आरजी-६, ७५ ओहम. आरजी-५९ नको. एवढ्या फ्रिक्वेन्सीला आरजी-६ शंभर मीटरला साधारण २५ डेसिबल खाते, म्हणजे तीस मीटरला सात-आठ. तेवढं चालतं. चाळीस मीटरच्या पुढे जायचं असेल तर छत्रीची जागा बदलण्याचा विचार करा. आतली तार तांब्याची की तांब्याचा मुलामा दिलेल्या लोखंडाची, यावरून दुकानात वाद होतो. सिग्नल तारेच्या पृष्ठभागावरून जातो, त्यामुळे त्याच्यापुरता फारसा फरक नाही. पण एलएनबीला लागणारी वीज आख्ख्या तारेतून जाते, आणि मुलाम्याच्या तारेचं कापलेलं टोक ओलाव्याने गंजतं. खानापूरकडे आणि कारवारला शुद्ध तांबं, अथणीला मुलाम्याची चालेल, एवढा साधा हिशोब.

जॅक बसवताना बाहेरचं आवरण दीड सेमी सोला, जाळी मागे दुमडा, आतलं पांढरं आवरण सहा-सात मिमी काढा. तार जॅकच्या कडेपासून दोन-तीन मिमी बाहेर आली पाहिजे. जाळीचा एक केसही मधल्या तारेला टेकला की बॉक्सवर एलएनबी शॉर्ट असा संदेश येतो किंवा बॉक्स बंद-चालू होत राहतो. पिळून बसवायचा जॅक स्वस्त, पण उघड्यावर दाबून बसवायचा कॉम्प्रेशन जॅक वापरा. त्यासाठीचं पकडीसारखं हत्यार महाग वाटलं तर केबलवाल्याकडून दोन्ही टोकं बसवून घ्या. वरच्या जॅकवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा आणि तिच्यावर साधी काळी टेप. एलएनबीपासून वायर आधी खाली एक वीतभर झोका घेऊन मग पाइपकडे वळवा, म्हणजे पाणी झोक्याच्या तळाशी गळून पडतं. घरात शिरतानाही भिंतीचं भोक आतून बाहेर उतरतं पाडा. भोक आडवं असलं की पावसाचं पाणी वायरीच्या कडेने थेट टीव्हीच्या मागे येतं.

बॉक्स

एमपीईजी-४ (चित्र दाबून पाठवण्याची नवी पद्धत) आणि डीव्हीबी-एस२ (उपग्रह प्रक्षेपणाची नवी पद्धत) लिहिलेला घ्या. फ्री डिशवर काही वाहिन्या एमपीईजी-२ मध्ये आहेत, काही एमपीईजी-४ मध्ये. नवा बॉक्स दोन्ही दाखवतो, जुना एमपीईजी-२ वाला अर्ध्याच. कुणी जुना बॉक्स फुकट दिला तरी घेण्यात अर्थ नाही. प्रसार भारतीने अधिकृत केलेल्या बॉक्समध्ये आयकॅस नावाची, कुलूपबंद वाहिन्या उघडणारी भारतीय प्रणाली असते. असा बॉक्स मिळत असेल तर थोडे पैसे जास्त देऊन तोच बरा, कारण पुढे कधी एखादी वाहिनी कुलूपबंद झाली तर बिनकंपनीचा बॉक्स तिथेच थांबेल.

मागे एचडीएमआय हवं, आणि जुना टीव्ही असेल तर तीन रंगांच्या पिनांचं एव्ही तोंडही. वीज १२ व्होल्टच्या बाहेरच्या अॅडॉप्टरवर चालणारा बॉक्स निवडा. आपल्याकडे दाब वर-खाली होतो. अॅडॉप्टर जळला तर थोडक्यात भागतं, आतला पॉवर सप्लाय जळला की बॉक्सच जातो. भीमगडच्या जंगलातल्या वस्त्यांसारख्या ठिकाणी तर १२ व्होल्टचा बॉक्स आणि १२ व्होल्टचा २४ इंची एलईडी टीव्ही थेट बॅटरीवर चालतो. दोन्ही मिळून ३५ वॅट धरले आणि संध्याकाळचे चार तास पाहिलं तर १४० वॅट-तास. ४० अँपियर-तासाच्या बॅटरीवर ते अर्धी बॅटरीही न उतरवता निघतं.

नवीन टीव्ही घेतला असेल तर त्याच्या मागे आटे असलेलं, सॅटेलाइट किंवा एलएनबी असं लिहिलेलं तोंड आहे का ते आधी बघा. माहितीपुस्तिकेत डीव्हीबी-एस२ असेल तर वेगळ्या बॉक्सची गरजच नाही. साध्या अँटेनाच्या तोंडात मात्र वायर घालून उपयोग नाही.

रोख लावणं

छोटा टीव्ही आणि बॉक्स उचलून छत्रीपाशी न्या. खालून "आलं का, गेलं का" ओरडण्यात तासभर जातो, कारण बॉक्स आकडा दाखवायला दोन-तीन सेकंद घेतो आणि तोवर वरचा माणूस पुढे सरकलेला असतो.

सेटिंग: एलएनबी युनिव्हर्सल किंवा ९७५०/१०६००, एलएनबी पॉवर चालू, डायसेक (अनेक एलएनबींतून एक निवडण्याची सोय) बंद, २२ किलोहर्ट्‌झ ऑटो किंवा बंद. ट्रान्सपाँडर, म्हणजे उपग्रहावरचा एकेक प्रक्षेपक, ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००. तो नाही सापडला तर १११७०, बाकी तेच.

छत्री ऑफसेट प्रकारची असते, एलएनबी खालच्या दांडीवर. तिचं तोंड दिसतं त्यापेक्षा चोवीसेक अंश जास्त वर बघत असतं. म्हणून ६१ अंशांसाठी छत्रीची वरची आणि खालची कड जोडणारी रेषा उभ्यापासून सुमारे ३७ अंश मागे झुकलेली हवी. कडांवर सरळ पट्टी धरून तिच्यावर मोबाइलचा कोनमापक ठेवला की कळतं. कंपनीप्रमाणे दोन-तीन अंश इकडेतिकडे. उंची एवढी लावून नट अर्धे आवळा, छत्री धरलेल्या खुणेच्या दहा अंश डावीकडे नेऊन अगदी सावकाश उजवीकडे आणा. नाही सापडलं तर उंची एक अंश बदलून पुन्हा.

बॉक्सवर दोन पट्ट्या दिसतात. स्ट्रेंथ म्हणजे वायरीतून काहीतरी येतंय एवढंच. नुसती एलएनबी जोडली तरी ती वाढते. क्वालिटी हीच खरी. स्ट्रेंथ भरपूर आणि क्वालिटी शून्य असेल तर छत्री भलत्याच उपग्रहावर आहे, बहुधा शेजारच्या ९५ वर, कारण ६० सेमीच्या छत्रीची नजर तीन अंश रुंद असते. सिग्नल शोधायचा स्वस्त सुईवाला फाइंडरही इथेच फसवतो, त्याला उपग्रह ओळखता येत नाही.

क्वालिटी आली की एलएनबी तिच्या कड्यात फिरवा. उपग्रह आपल्यापासून बराच पूर्वेला असल्यामुळे ती सरळ उभी राहत नाही, चांगली तिरकी होते. पन्नास अंशांपर्यंत फिरवावी लागली तरी बिचकू नका. दोन्ही बाजूंना फिरवून आकडा जिथे वाढतो तिथे थांबा. अनेक जण ही पायरी सोडतात, कोरड्या दिवशी चित्र दिसतंच म्हणून, आणि पहिल्या सरीत सगळं जातं.

शेवटचा नेमकेपणा असा साधा: छत्री डावीकडे सरकवा, चित्र फुटलं की पाइपवर पेन्सिलची खूण. उजवीकडे सरकवा, फुटलं की खूण. दोन खुणांच्या बरोबर मध्ये छत्री ठेवा. वर-खालीही तसंच. नट एकदम न आवळता समोरासमोरचे आळीपाळीने थोडे थोडे आवळा, क्वालिटीवर डोळा ठेवून, कारण आवळताना छत्री हमखास अर्धा अंश सरकते. पक्कं झाल्यावर पाइप आणि ब्रॅकेटवर मिळून ऑइलपेंटचा एक आडवा पट्टा मारा. पुढे छत्री हलली का ते खालूनच दिसतं. मग वाहिन्या शोधायला लावा, नेटवर्क सर्च चालू ठेवून, म्हणजे बाकीचे ट्रान्सपाँडर आपोआप मिळतात.

नंतर काय बिघडतं

वाहिनी अचानक गायब झाली आणि बाकीच्या चालू असतील तर छत्रीला हात लावू नका. खासगी वाहिन्या लिलावात जागा घेऊन येतात आणि जातात, त्यामुळे १ एप्रिलच्या सुमाराला यादी बदलते. पुन्हा सर्च द्या. सापडली नाही तर ती गेली. मराठी खासगी वाहिन्यांचं हे दरवर्षीचं आहे, म्हणून कुणी दुकानदार अमुक वाहिनी "कायम" मिळेल म्हणाला तर त्या शब्दावर सेट घेऊ नये.

सगळ्याच वाहिन्या गेल्या असतील तर क्रम असा: बॉक्समागचा जॅक काढून मधली तार काळी पडली आहे का बघा, मग वरचा जॅक, मग एलएनबीचं झाकण, मग पेंटचा पट्टा. बॉक्स शेवटी. फक्त पावसात जात असेल तर आधी एलएनबीचा तिरकेपणा, मग समोरचं झाड. पाऊस थांबून तासभर झाला तरी चित्र येत नसेल तर पाणी जॅकमध्ये गेलंय. टोक पुसून पुन्हा लावू नका, तेवढी वायर कापून नवा जॅक बसवा, कारण पाणी जाळीतून आत फूटभर तरी ओढलं गेलेलं असतं.

एप्रिल-मे महिन्यात वळवाच्या विजा सुरू झाल्या की बॉक्सचा प्लग आणि छत्रीची वायर, दोन्ही काढा. नुसता प्लग काढला तर वायरीतून आलेला झटका एचडीएमआयमधून टीव्हीपर्यंत जातो. गच्चीवरचा पाइप जाड तांब्याच्या तारेने अर्थिंगला जोडलेला बरा, तरी विजेच्या वेळी वायर काढण्याला पर्याय म्हणून त्याच्याकडे बघू नका. मृगाच्या आधी एकदा शिडी लावून नट तपासा, टेप सुटली असेल तर नवी गुंडाळा आणि एलएनबीवरचं गांधीलमाशीचं घर सकाळच्या थंडीत काढा.